गाडीचं पांढरं पडलेलं काळं

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मनातल्या मनात मी सगळ्यात जास्त शिव्या दिल्या असतील, तर त्या अप्पांच्या मोटारसायकलच्या काळ्या प्लॅस्टिकला. खरं म्हणजे तेव्हा ते काळं राहिलंच नव्हतं. टाकीच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकायला रबरी पॅड होते आणि सीटच्या खाली दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची मोठी झाकणं होती. ती झाकणं गाडीबरोबर आलेली नव्हती, अप्पांनी हौसेनं पुण्याहून मागवून बसवून घेतली होती. बसवली तेव्हा त्यांत तोंड दिसायचं. सोलापूरच्या उन्हानं चार वर्षांत त्यांची रया घालवली. आधी ती करडी पडली, मग पांढुरकी, आणि शेवटी त्यांच्यावरून हात फिरवला की बोटांना खडूसारखी भुकटी लागायला लागली.

आमचं घर विणकरांच्या वस्तीत होतं. डावीकडं, उजवीकडं, मागं, सगळीकडं तेलुगू बोलणारी घरं आणि जवळजवळ प्रत्येक घरात माग. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आधीच त्यांची खटखट सुरू व्हायची. तिची आम्हाला इतकी सवय होती, की वीज जाऊन माग थांबले म्हणजे दुपारी झोपलेली माणसं दचकून उठायची. घरात आम्ही तिघंच. थोरली बहीण लग्न होऊन करमाळ्याला गेली होती. अप्पा एका कारखानदाराच्या चादरींचे नमुने घेऊन गावोगावच्या दुकानदारांकडं जायचे. आज वैराग, परवा करकंब, पुढच्या आठवड्यात अक्कलकोट. अव्वा, म्हणजे माझी आई, अक्कलकोटच्याही पलीकडची. ती घरात कानडीच बोलायची, अप्पा तिच्याशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत बोलायचे, आणि मी ज्या भाषेत ओरडा बसेल त्या भाषेत उत्तर द्यायची. अव्वा आठवड्याच्या कडक भाकरी एकदम करून ठेवायची. पापडासारख्या पातळ, चुलीच्या कडेला उभ्या करून वाळवलेल्या. फडक्यात बांधून गाडीवरून नेल्या, की वैरागपर्यंत निम्म्या भाकरींचा चुरा व्हायचा. तो चुरा शेंगाच्या चटणीत कालवून, वर करडईच्या तेलाची धार सोडून अप्पा चवीनं खायचे. अख्ख्या भाकरीपेक्षा त्यांना तोच आवडायचा.

दोन वर्षांपासून अव्वाही त्यांच्या मागं बसून गावोगाव जायला लागली होती. घरात बसून कंटाळा येतो, असं ती म्हणायची. पन्नाशीला टेकलेली बाई नऊवारी सावरत गाडीवर बसते आणि गल्लीच्या तोंडापासूनच नवऱ्याच्या कानाशी लागून बोलत जाते, याची मला भारी लाज वाटायची. कॉलेजातल्या मैत्रिणी हसायच्या. शिवाय ती गेली, की चूल, पाणी, झाडलोट सगळं माझ्या गळ्यात पडायचं. मी एकदा चिडून म्हटलंही, "अव्वा, तुला एवढं काय बोलायचं असतं गं त्यांच्याशी?" ती म्हणाली, "आहेत की आमची बोलणी." एवढंच.

परीक्षा संपली त्याच आठवड्यात अप्पा वैरागहून चिडून आले. तिथल्या दुकानदारानं सगळ्यांदेखत त्यांच्या पँटीला गुडघ्यापाशी लागलेली पांढरी भुकटी दाखवली होती आणि म्हणाला होता, "मालक, गाडी म्हातारी झाली की तुमची." अप्पांना कपड्यांचं वेड होतं. पँटीची इस्त्री मोडू नये म्हणून ते खुर्चीतसुद्धा बेतानं बसत. आल्या आल्या त्यांनी मला हाक मारली. "सुवर्णा, ही गाडी कोण पुसतंय?"

"मीच की अप्पा."

"मग ही भुकटी कुठनं येती? पुढच्या रविवारी परत वैरागला जायचंय. तोवर सगळं काळं पाहिजे. नवी होती तसं."

मी आधी खोबरेल लावलं. अर्धा तास ते असं काही चमकलं, की मला वाटलं काम फत्ते. दुपारी वारा सुटला आणि गल्लीतली सगळी धूळ त्यावर येऊन बसली, वर सुताची बारीक पांढरी लव. गाडीला मिशा फुटल्यासारख्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी ते सोड्यानं धुतलं आणि करडईचं तेल लावून बघितलं. ते उन्हात चिकट झालं, त्याला माश्या लागल्या, आणि अव्वा ओरडली ती वेगळीच, कारण तेल स्वयंपाकाचं होतं. तिसऱ्या दिवशी बुटाचं काळं पॉलिश. हे मात्र सुरेख बसलं. ब्रशनं घासून मी असा रंग आणला, की शेजारची सुशीलक्का पापड वाळत घालायचं सोडून बघायला आली. संध्याकाळी अव्वा भाजी आणायला म्हणून अप्पांच्या मागं बसून गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हिरव्या इरकली लुगड्याला पोटरीपाशी वीतभर काळा डाग होता. ती लुगडं घासत दोन तास न्हाणीत बसली.

रशीदचाचा हा अप्पांचा जुना मिस्त्री. स्टेशनकडच्या रस्त्याला चिंचेखाली त्याचं गॅरेज होतं. मी सायकल मारत त्याच्याकडं गेले. त्यानं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, "देख बेटी, तेल-पालिश सब दो दिन का खेल है. प्लास्टिक को धूप खाती. इसकू छाँव में रखो, ऊपर से चादर डालो. बस." मग मी फारच हिरमुसले असं बघून तो म्हणाला, की थोडी आच दाखवली तर आतला काळेपणा वर येतो, पण ते हातावर असतं, जमलं तर जमलं.

मी कोळशाची इस्त्री पेटवली आणि डाव्या झाकणापासून चार बोटं लांब धरली. आणि खरंच, इस्त्री जिथून फिरेल तिथं पांढऱ्यातून काळा रंग उमलून यायला लागला. तेल नाही, पॉलिश नाही, त्याचा स्वतःचा मूळचा काळा. तो आनंद मला अजून आठवतो. तो मिनिटभर टिकला. हावरेपणानं मी इस्त्री जवळ नेली आणि झाकणाचा खालचा कोपरा केळीच्या वाळक्या पानासारखा वळला. आता काळा पट्टा, पांढरा पट्टा आणि वाकडा कोपरा, असं ते झाकण पहिल्यापेक्षा वाईट दिसायला लागलं. मी इस्त्री तशीच फरशीवर ठेवून न्हाणीत जाऊन रडले.

सगळ्यात जास्त चीड मला अप्पांची येत होती. अंगणात लिंबाचं मोठं झाड होतं. त्याच्याखाली गाडी लावली असती तर निम्मा प्रश्न सुटला असता. पण अप्पा गाडी भर अंगणात, रखरखत्या उन्हातच लावायचे. मी ती ढकलत सावलीत नेली की परत बाहेर काढून ठेवायचे. वर चादर घातली की ओढून टाकायचे. चादरींच्या गावात, चादरींचा धंदा करणाऱ्या माणसाच्या गाडीला चादर नको.

"अप्पा, चाचा म्हणाले ऊन लागतंय म्हणून रंग जातो."

"हितंच राहू दे."

"पण का?"

"सांगितलं ना हितंच राहू दे म्हणून. बापाला का विचारतीस?"

आता माझा नातू गाडीच्या प्लॅस्टिकला बाटलीतलं कसलंसं औषध लावतो, फडक्यानं दोन हात मारतो आणि ते महिनाभर काळंभोर राहतं. मी गॅलरीतून बघत बसते. त्याला वाटतं आजीला गाडीचं कौतुक आहे.

शनिवारी माझी उमेद संपली. वाकडा कोपरा मी गरम पाण्यानं जमेल तितका सरळ केला. मग पॉलिशचे आणि तेलाचे राहिलेले थर काढायला सगळं रॉकेलनं पुसलं, साबणानं धुतलं आणि कोरडं केलं. लावलं काहीच नाही. रॉकेलनं तर ते आणखीनच पांढरं झालं, भिंतीला चुना द्यावा तसं. फक्त भुकटी तेवढी निघून गेली आणि हाताला ते गुळगुळीत लागायला लागलं. अप्पा आता काय बोलतील ते बोलू देत, असं ठरवून मी फडकं पिळत उभी राहिले.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचे कपडे घालून बाहेर आले. ऊन अंगणभर आलं होतं. ते गाडीपाशी वाकले, मान जराशी तिरकी केली, दोन्ही झाकणांवरून, मग पॅडवरून सावकाश हात फिरवला. बोटं एकमेकांवर घासून भुकटी लागली का ते बघितलं. मग सरळ उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"आता कसं झालं," ते म्हणाले. "कोळशासारखं काळं. जमतंय की तुला, मनावर घेतलं की."

मला आधी वाटलं ते टोमणा मारतायत. मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. पुढचं वाक्य आलंच नाही. ते समाधानानं नमुन्यांचं गाठोडं मागं बांधायला लागले. अव्वा भाकरीचं फडकं घेऊन दारात आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. बोलू नकोस, असं. आणि त्या हलवलेल्या मानेनंच माझ्या डोक्यात सगळं एकदम उजेडात आलं. गाडी उन्हात का, हे आलं; सावलीत किंवा चादरीखाली ती त्यांना दिसलीच नसती. गल्लीच्या तोंडापासून अव्वा त्यांच्या कानाशी काय बोलते, हेही आलं. ती गप्पा मारत नव्हती. ती रस्ता सांगत होती. "एडक्क", डावीकडं. "बलक्क", उजवीकडं. "मेल्लग", हळू. दोन वर्षं.

मी गप्प बसायला हवं होतं का, हा प्रश्न मी पुढं आयुष्यभर स्वतःला विचारला. त्या क्षणी मी काही विचार केला नाही. आठ दिवसांची चीड होती, हाताला रॉकेलचा वास होता, नखं फुटली होती.

"अप्पा," मी म्हटलं, "ते पांढरं आहे."

"काय?"

"झाकणं. पॅड. सगळं पांढरं आहे. मी काहीच लावलेलं नाही."

त्यांचा हात गाठीवरच थांबला. "दारात आहे ना तुझी आई? तिला विचार." मग कानडीत तेच अव्वाला विचारलं, काळं आहे ना म्हणून. अव्वा काहीच बोलली नाही. तिनं नुसतं होय म्हटलं असतं तरी मी खोटी पडले असते. पण तिच्याकडून ते झालं नाही.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. ते झाकणांविषयी विचारत होते, निदान मला तसं वाटलं.

"दोन वर्षं तरी झाली असतील."

ते गाडीवर बसले. किक मारली. अव्वा लगबगीनं पायऱ्या उतरून मागं बसायला आली, तर म्हणाले, "तू नको. मी एकटा जातो." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. आमच्या अंगणातून बाहेर पडायला एकच फाटक होतं, आणि त्याच्यापलीकडं गल्ली. सुताच्या हातगाड्या, नळाला लागलेल्या बायका, शाळा नसल्यानं रस्त्यावर खेळणारी पोरं. मी धावत जाऊन फाटकासमोर उभी राहिले. दोन्ही हात पसरून. माझ्या मागं भर ऊन होतं. गाडीचं पुढचं चाक माझ्यापासून सात-आठ हातांवर होतं आणि अप्पांचं तोंड सरळ माझ्याकडं होतं. ते ओरडतील, बाजूला हो म्हणतील, म्हणून मी वाट बघत होते.

त्यांनी क्लच सोडला. गाडी पुढं आली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मोकळ्या रस्त्याकडं बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

अव्वा किंचाळली, "निंद्री!" थांबा, म्हणून. मी गाडीच्या दिव्यावर दोन्ही हात टेकले आणि म्हटलं, "अप्पा, मी इथं आहे."

इंजिन बंद पडलं. गाडी माझ्या गुडघ्यांना येऊन टेकली होती. शेजारच्या घरांतले माग चालू होते. अप्पांनी डावा हात हँडलवरून काढला आणि पुढं केला. तो आधी माझ्या खांद्याच्या बाजूनं हवेत गेला, मग माझ्या कानाला लागला, मग गालाला.

"तू कधीपासून उभी आहेस?"

"पहिल्यापासून."

ते उतरले. किल्ली काढून त्यांनी अव्वाच्या दिशेनं धरली आणि आत गेले. बूटही न काढता आत गेले, हे मी त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून बघितलं आणि सांगितलं, की डोळ्याची नस सुकत चालली आहे. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्यात धुक्यातून दिसावं तेवढं. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते रोज थेंब घालून टिकवायचं. दोन वर्षं आधी आला असता तर, असं काहीतरी ते म्हणायला लागले आणि अव्वाकडं बघून थांबले. घरी आल्यावर अव्वा अप्पांशी नेहमीसारखी बोलली. माझ्याशी मात्र ती पंधरा दिवस बोलली नाही. मग एके दुपारी, शेंगा फोडत असताना, मान वर न करता म्हणाली, "त्यांना मी विचारलं नव्हतं, त्यांनी मला सांगितलं नव्हतं. दोघांचं चाललं होतं. तू एका वाक्यात त्यांना म्हातारं केलंस."

"आणि गल्लीतलं एखादं पोर चाकाखाली आलं असतं म्हणजे, अव्वा?"

"मी होते की मागं."

ती मागं असताना काही झालं नाही, हे खरं. पण त्या वाक्याचा राग मला आज, तिला जाऊन इतकी वर्षं झाल्यावरसुद्धा येतो. आणि त्याच वेळी, खडीच्या रस्त्यावर, ट्रकच्या धुरळ्यात, दिसत नसलेल्या माणसाच्या मागं रोज निमूटपणे बसणारी ती बाई आठवली, की माझी जीभ जागच्या जागी राहते. दोन्ही खरंच आहे. त्याचा निकाल माझ्याच्यानं लागलेला नाही.

गाडी रशीदचाचानं ठेवून घेतली. मी ती ढकलत त्याच्याकडं नेली तेव्हा त्यानं एक्सिलरेटरच्या तारेपाशी बसवलेली एक छोटी पट्टी मला दाखवली. तिच्यामुळं मूठ निम्म्याच्या वर फिरायचीच नाही. "तुमारी अम्मा आके बोली थी," तो खाली बघत म्हणाला, "चाचा, गाडी भागना नै. बाकी कुछ बोली नै. मैं भी पूछा नै." म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रीला ठाऊक होतं. मी एकटीच घरात राहून आठ दिवस प्लॅस्टिक घासत बसले होते.

धंदा मात्र सोडून चालणार नव्हतं, आणि अप्पांनाही तो सोडायचा नव्हता. महिन्याभरानं त्यांनी एस.टी.नं वैरागला जायचं ठरवलं. अव्वाचे गुडघे एस.टी.च्या पायऱ्यांना तयार नव्हते, म्हणून बरोबर मी. त्यांनी माझा हात धरला नाही. गाठोडं माझ्याकडं दिलं आणि त्याच्या दोरीचं टोक स्वतःच्या बोटाला गुंडाळून घेतलं, म्हणजे लोकांना वाटावं माल सांभाळतायत. खिडकीची जागा मी त्यांना दिली तर म्हणाले, तू बस. गाडी गावाबाहेर पडली, माग आणि गिरण्या मागं पडल्या. बराच वेळ ते समोरच्या सीटच्या दांडीकडं तोंड करून बसले होते. मग म्हणाले, "बाहेर काय आहे?"

"शेत."

"कशाचं?"

"मोकळंच आहे. नांगरलेलं."

"पुरं नांगरलंय का अर्धं? ढेकळं किती मोठी आहेत? माणूस कोण दिसतंय?"

मी म्हटलं, "अप्पा, गाडी पुढं गेली. ते शेत मागं राहिलं."

"मग आता जे आलंय ते सांग. आणि नीट सांग. शेत, झाड, घर असं सांगू नको. मी आंधळा आहे, अडाणी नाही."

दुसऱ्या कुणासमोर तो शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही, पुढंही नाही. मी गाठोडं पायाशी सरकवलं, काचेला नाक लावलं आणि सांगायला लागले. दर दोन वाक्यांनी ते मला थांबवत होते, चूक काढत होते, ती विहीर उजव्या हाताला असती असं ठणकावून सांगत होते. मी चिडत होते, परत सांगत होते. वैराग येईपर्यंत माझा घसा बसला.